चांदवाली घडी उघडायची कुणी?

घड्याळ बंद कसं पडलं, हे माणूस एका वाक्यात कधीच सांगत नाही. डॉक्टरपुढे 'पोट दुखतंय' एवढ्यावर भागवणारा गडी घड्याळवाल्यापुढे बसला की पार मेहुण्याच्या लग्नापासून सुरू होतो. लग्नात कोण रुसलं, परत येताना एसटी कुठं बंद पडली, बैलानं शिंग कसं मारलं, आणि मग कुठं शेवटी घड्याळ. लातूरच्या एका घड्याळाच्या दुकानात मी काउंटरवर अर्धं आयुष्य काढलं, म्हणजे किती किस्से साठले असतील याचा तुम्हीच हिशेब करा.

मित्र म्हणतात, "बनसोडे, सांगा की एखादा, तेवढंच हसू." सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, मला स्वतःला त्यातल्या बऱ्याच किश्शांचं हसू येत नाही. अजून डोकं सणकतं!

जिल्हा नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, पेढे वाटून झाले, हापिसांच्या पाट्या रंगवून झाल्या आणि पाऊस गेला तो गेलाच. दुकानात आम्ही तिघं. गल्ल्यावर शेठ. मनानं वाईट नाही, पण मुंबईचं पाकीट आलं की उभं राहून फोडणारा माणूस. काउंटरवर मी, निलंग्याकडचा. आणि दाराशी उजेडाच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या मेजामागं, डाव्या डोळ्यात भिंग अडकवून बसलेले खाजामियाँ. आमचे घडीसाज. तरुणपणी हैदराबादेत उस्तादाच्या हाताखाली शिकलेले.

दुकानाला एका कंपनीची एजन्सी होती. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला करायची? महागडी कंपनी. पण तिचं घड्याळ मात्र साधं, जाड, पोलादी. लोक त्याला 'लोखंड्या' म्हणायचे. मास्तर लोक रिटायर होताना घ्यायचे, नाहीतर बाप मुलीच्या लग्नात जावयाला द्यायचा आणि मग दहा वर्षं ऐकवायचा.

*

खडीच्या कामावर एक मुकादम होता, त्याच्या मनगटाला लोखंड्या. दुष्काळाचं काम, रस्त्यासाठी खडी फोडायची. एक दिवस सुतकीचा, म्हणजे दगड फोडायच्या हातोडीचा, घाव चुकला आणि दगड उडून घड्याळावर आला. काच फुटली. त्यातच दोन दिवस धूळ गेली, घाम गेला, आणि तिसऱ्या दिवशी हा दुकानात आला.

खाजामियाँनी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं! ते म्हणाले, आतून साफ करून देतो. मुकादमानं हात मागं ओढला. "काच तेवढी बसवा चाचा. आत हात लावू नका, ते आपल्यापरीस शहाणं हाय."

खाजामियाँ दिवसभर ते वाक्य घोळवत बसले होते. घडीसाजाला आत हात लावू नका म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे खरंतर धंद्याचं नुकसान. पण म्हातारा खूश झाला होता.

*

आता असं घड्याळ चालत असताना माणूस काय करेल? अजून चार तसली बनवेल. कंपनीनं काय केलं? मुंबईहून एक साहेब पाठवले.

साहेबांच्या बॅगेत नवी मालिका. ड्रेस घड्याळं! पापडाएवढी पातळ, सोनेरी, चामड्याचा पट्टा. आत तारखेची खिडकी, वाराची खिडकी, महिन्याची खिडकी आणि वर एक अर्धगोल खिडकी, तिच्यात चंद्र. खरा चंद्र वाढेल तसा तो वाढणार आणि घटेल तसा घटणार. कंपनीचा विचार चालला होता की ही मालिका अजून वाढवायची. आणखी पातळ, आणखी खिडक्या.

साहेब शेठना म्हणाले, नवा जिल्हा म्हणजे नवे ऑफिसर, नवे ऑफिसर म्हणजे नवे समारंभ. हे बोलताना त्यांनी दोन तांबे पाणी पिऊन टाकलं. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात टँकर आला नव्हता आणि ते पाणी खाजामियाँच्या सुनेनं घरून भरून दिलेलं होतं. साहेबांनी उरलेल्यानं हात धुतले. मी तोंड फिरवून काच पुसत बसलो, नाहीतर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती.

जाताना साहेब छापील फॉर्म देऊन गेले. गिऱ्हाइकांना विचारून भरायचे, मालिका वाढवावी की नाही ते त्यावरून ठरणार. त्यात एक प्रश्न होता, 'संध्याकाळच्या समारंभासाठी आपण कोणत्या प्रकारचे घड्याळ पसंत कराल?'

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे शिरूर अनंतपाळचे एक गुरुजी, सेल बदलायला आणि गप्पा मारायला आलेले. मी प्रश्न वाचून दाखवला. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला.

"संध्याकाळी आमच्याकडं टँकरचाच समारंभ असतो. घागर घेऊन गेलं की झालं, त्याला घड्याळ कशाला?"

मी ते शब्द जसेच्या तसे फॉर्मवर उतरवले. मुंबईहून उलट टपाली विचारणा आली, 'टँकर' हा कुठला स्थानिक सण आहे? शपथेवर सांगतो, आली!

*

चंद्रवाल्या घड्याळांचं पहिलं खोकं आलं ते दसऱ्याच्या तोंडावर. शेठनी मखमल आणली, शोकेसमध्ये ओळीनं बारा घड्याळं मांडली. सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. दसऱ्याला सकाळीच गंजगोलाईतले एक डाळीचे आडतदार आले. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, जावयाला घड्याळ घ्यायचं, अंगावर नवं धोतर. शेठ स्वतः उठून सामोरे गेले.

आडतदारांनी एक घड्याळ बघितलं, दुसरं बघितलं. मग बोटानं सगळी ओळ तपासली.

"शेठ, ह्यात चांद कुठाय?"

शेठनी वाकून बघितलं. बाराच्या बारा घड्याळांच्या खिडकीत नुसतं निळं आभाळ. कंपनीनं खोकं भरताना सगळ्यांचे चंद्र तबकडीआड ठेवून पाठवले होते.

आडतदार दोन पावलं मागं सरले. "दसऱ्याच्या मुहूर्तावर जावयाच्या हातात अमावस्या बांधू का?"

गेले. त्यांच्यामागं आलेले तिघंही गेले. शेठ घामाघूम. किल्ली फिरवून चंद्र पुढं घ्यायचा म्हटलं तर प्रत्येक किल्लीला कंपनीचं सील. मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिकडून उत्तर आलं की शोकेसमधल्या घड्याळाला हात लावायची परवानगी डीलरला नाही, आणि अमावस्येला लोक खरेदी का करत नाहीत हे लेखी कळवावं.

आता मी बौद्ध माणूस. आम्ही पौर्णिमेला विहारात जातो, अमावस्येचं मला काही वाटत नाही. खाजामियाँना तर अमावस्या उलटली की बरंच वाटायचं, नवा चांद दिसायचा. पण गिऱ्हाइकाचं मन दुखवून धंदा होतो का? ज्यांना माल विकायचा ते कधी नवं धोतर नेसतात, एवढं तरी कंपनीनं विचारायचं की नाही?

त्या दसऱ्याला बारांतलं एकच घड्याळ गेलं. ते उदगीरकडच्या एका देवऋष्यानं नेलं. म्हणाला, आपलं गिऱ्हाईक अमावस्येलाच येतं.

*

पुढं उरलेल्यांतली हळूहळू चार-पाच खपली. त्यातलं एक नव्या जिल्ह्यातल्या एका साहेबांच्या मनगटावर गेलं. खातं सांगत नाही. सासऱ्यांनी दिलेलं होतं, त्यामुळं साहेब ते आंघोळीपुरतंच काढायचे.

एक दिवस हे साहेब खडीच्या कामाची पाहणी करायला गेले. दिवसभर तिथंच बसणार, काम कसं चालतं ते बघणार. जेवायची सुट्टी एक वाजता, आणि ती आज त्यांच्या घड्याळावर होणार. खडी फोडणाऱ्या बायांत माझी मावशी होती. हा किस्सा तिच्याच तोंडचा आहे.

उन्हं डोक्यावर आली. बाया घाव घालताहेत. साहेब घड्याळ बघतात, म्हणतात, अजून वेळ आहे. पुन्हा बघतात, अजून वेळ आहे. पिठासारखी धूळ त्या पापडाएवढ्या घड्याळात शिरून काटे पावणेबारालाच थांबले होते. मुकादमाच्या मनगटावर लोखंड्या होता, त्यात दीड वाजून गेलेला. त्यानं बाहीखाली हात सारला. साहेबांच्या घड्याळाला खोटं कोण पाडणार?

एक बाई चक्कर येऊन बसली, तेव्हा मावशी उठली. हातातली सुतकी खाली ठेवून साहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमच्या घडीला भूक लागत न्हाई का?"

सुट्टी झाली. मावशीची हजेरी मात्र पुढचे आठ दिवस काही ना काही कारणानं लागलीच नाही. लोक हा किस्सा ऐकून हसतात. मावशीही हसून सांगायची. मला ती बाही आठवते, आणि तिच्याखाली झाकलेला दीड.

*

ते घड्याळ अर्थातच आमच्याकडं आलं. साहेबांचा हट्ट, आत्ता चालू करून द्या, सासरे यायचेत. शेठनी मान डोलावली आणि खाजामियाँनी मागचं झाकण उघडलं.

त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा तसा बघितला. मला जवळ बोलावलं, भिंग माझ्या डोळ्यात बसवलं. आत मोहरीएवढी चाकं, एकाखाली एक.

"उस्तादाकडं जागीरदारांच्या चांदवाल्या घड्या यायच्या," ते म्हणाले. "तीस साल झाले, हात लावला नव्हता. ह्यो चांद बघा, दोन चांद हायत एका चकतीवर. एक बुडला की दुसरा निघतो. बनवणाराचे हात चुमावेत."

मी तोवर रोज त्या मालिकेला शिव्या घालत होतो. आणि ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, तो तिच्यावर जीव टाकत होता! दोन दिवस लागले त्यांना. चाक न् चाक धुतलं, चंद्र पुढं सरकवला, ज्या दिवशीचा जेवढा हवा तेवढा. साहेब घड्याळ घेऊन खुशीत गेले.

पुढच्याच महिन्यात मुंबईचे साहेब आले. खडीच्या पाहणीवाल्या त्या ऑफिसरनं कौतुकानं त्यांना सांगितलं की तुमच्या लातूरच्या माणसानं काय काम केलंय. कौतुक करायला गेला आणि म्हाताऱ्याच्या पोटावर पाय आला.

मुंबईचे साहेब भर दुकानात ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. इंग्रजीत टाइप केलेला एक कागद त्यांनी शेठपुढं ठेवला. ही घड्याळं फक्त मुंबईच्या सेवा केंद्रात उघडली जातील. ज्या दुकानात स्थानिक कारागीर बसतो, त्या दुकानाला एजन्सी राहणार नाही. दाराशी मेज शोभत नाही, तिथं गिऱ्हाइकासाठी सोफा हवा.

मी शेठकडं बघितलं. शेठ कागदाकडं बघत होते.

*

मेज उचललं त्या दिवशी मी शेठना नको नको ते बोललो. एकवीस वर्षं हा माणूस तुमच्या दाराशी बसला, तुमच्या बापाचं घड्याळ यानं चालवलं, आणि तुम्ही सोफा घेता? शेठ म्हणाले, बनसोडे, माझ्या जागी बसून बघा. म्हटलं, बसायला आता सोफाच आहे.

खाजामियाँ आपली चिमटे-सळया कापडात गुंडाळत होते. मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, चाचा, ह्या चांदवाल्या घड्यांनीच तुमचा घात केला, बुडू देत ती मालिका.

"असं बोलू नका," ते म्हणाले. "घडी चांगली हाय. कंपनी न्हाई."

आणि भिंग खिशात टाकून चालू लागले. घर गोलाईच्या मागंच, चालत दहा मिनिटं.

सोफ्याचं म्हणाल तर त्यावर कुणी बसायचंच नाही. पांढरा होता. खेड्यातून आलेली माणसं आपल्या कपड्यांची धूळ बघायची आणि सोफ्याला टेकून खाली फरशीवर बसायची. मी आग्रह करायचो. ती म्हणायची, राहू द्या, डाग पडंल. आपल्याच दुकानात माणसांना असं चोरासारखं बसलेलं बघून माझा जीव कातावायचा.

*

पुढं धुळीनं एकेक चंद्रवालं घड्याळ बंद पडत गेलं. ऑफिसरचंही पुन्हा पडलं. मी ती खोक्यात भरायचो, सील लावायचो, मुंबईला पाठवायचो. दीड-दोन महिन्यांनी परत यायची, आणि खरं बोलायचं तर झकास चालायची. मला त्याचाही राग यायचा.

मग नांदेडला डीलरांची बैठक झाली. आसपासच्या जिल्ह्यांतले सगळे एका हॉटेलात. मालिका वाढवायची की नाही, याचा निर्णय त्या दिवशी व्हायचा होता. मुंबईहून कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब आले होते. शेठ मला बरोबर घेऊन गेले. का, ते मला कळलं नाही.

मोठ्या साहेबांनी खिशातून एक घड्याळ काढलं. आमच्या ऑफिसरचं! मुंबईहून परत पाठवण्याआधी मुद्दाम दाखवायला आणलेलं. साहेब म्हणाले, हे घड्याळ लातूरला एका अडाणी हातानं उघडलं होतं. तरी आमच्या मुंबईच्या कारागिरांनी ते बघा कसं उभं केलंय. सेवा केंद्र असं असेल तर मालिका वाढवायला भ्यायचं कारण काय? त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंग दिलं आणि घड्याळ हातोहात फिरवायला सांगितलं. डीलर माना डोलावत होते. जेवणाचा वासही सुटला होता.

घड्याळ शेठकडं आलं. शेठनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं दिलं आणि छताच्या पंख्याकडं बघत बसले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. घडीसाज ज्या घड्याळात हात घालतो, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण कोरतो. दर वेळी तीच खूण नव्यानं. खाजामियाँची खूण म्हणजे तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ. मी भिंग लावलं. तीन टिंबं आणि रेघ होती, थोडी काळवंडलेली. ती आमच्या दुकानातली, सासरे यायचे होते तेव्हाची. तिच्या शेजारी अजून एक होती. तीन टिंबं आणि रेघ. कोरी, चकचकीत! आणि मुंबईच्या कुणाची तिसरी खूण नव्हतीच.

"कसं वाटलं काम?" मोठ्या साहेबांनी मला विचारलं.

मी शेठकडं बघितलं. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली. माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. म्हटलं, एक नंबर, साहेब.

मालिका वाढवायची ठरली. हात वर झाले, टाळ्या झाल्या, जेवणं झाली. मी जेवलो नाही. एसटीनं लातूरला आलो आणि घरी न जाता सरळ खाजामियाँच्या दारात गेलो. उन्हं कलली होती. म्हातारा ओसरीत बसलेला, डोळ्यात भिंग, पुढ्यात पांढऱ्या कापडावर सात-आठ चांदवाल्या घड्या उघड्या पडलेल्या. कोपऱ्यात मुंबईच्या शिक्क्याचं खोकं.

मला बघून ते दचकले नाहीत. बसा म्हणाले. विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की हैदराबादेत त्यांच्याबरोबर शिकलेला एकजण मुंबईच्या केंद्रात नोकरीला आहे. ह्या घड्या तिथं कुणाला उघडता येत नाहीत, म्हणून तो गुपचूप इकडं पाठवतो. आमच्या शेठना पहिल्यापासून संशय होता, असंही म्हणाले.

माझा तोल गेला. म्हटलं, चाचा, तिकडं नांदेडला शंभर माणसांत तुम्हाला अडाणी म्हणाले! तुमचंच काम हातात घेऊन म्हणाले! मी आत्ता जातो, मोठे साहेब आज रात्री तिथंच हॉटेलात आहेत, झाकण उघडून दाखवतो सगळ्यांना. तुम्ही एवढे दिवस सांगितलं का नाही?

त्यांनी चिमट्यात धरलेली चंद्राची चकती हलक्या हातानं जागेवर बसवली. भिंग न काढताच माझ्याकडं मान वळवली.

"सांगितलं तर उघडू देतील का?"